माती विकत घेण्यापूर्वी

मृग नक्षत्र लागले की आमच्या बडोद्यातील नव्या वसाहतींच्या फाटकांपाशी मातीने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या दिसू लागतात. आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी सांगितले असते की पुढे एक दिवस लोक पाणी बाटलीतून आणि माती पिशवीतून विकत घेतील, तर त्यांनी ती थट्टा समजून सोडून दिली असती. पण काळ बदलला, घरे एकावर एक चढली, अंगण आखडले आणि माती ही बाजारातील वस्तू झाली. बाजारातील वस्तू म्हटली की तिची पारख आली, मोल आले आणि फसवणूकही आली. यास्तव आजच्या सदरात आम्ही मातीविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

त्यास निमित्तही घडले आहे. एका वाचक भगिनीने विचारले आहे की, यजमान नुकतेच निवृत्त झाले, आयुष्याची पुंजी घालून शहराबाहेर लहानसे घर घेतले, घरामागे दहा फूट लांब व चार फूट रुंद असा वाफा सोडलेला आहे; त्यात भाजीपाला व चार फुलझाडे लावावयाची आहेत. तर माती कोणती घ्यावी, किती घ्यावी आणि कोणाकडून घ्यावी? प्रश्न तीन आहेत व तिन्ही शहाणपणाचे आहेत. त्यांत चौथा एक प्रश्न आम्ही आमच्या पदरचा घालणार आहोत, तो शेवटी येईल.

प्रथम हे पाहू की माती विकत घेण्याची गरज खरोखर आहे काय. बडोद्याचा परिसर जमिनीच्या बाबतीत भाग्यवान आहे. शहराच्या आसपास, पादरा व सावली या बाजूंस नद्यांनी आणून पसरलेली गोराडू जमीन आहे. ती भुसभुशीत, वाळू व पोयटा यांचे मिश्रण असलेली, पाणी मुरू देणारी असते. दक्षिणेस डभोई, करजण, शिनोर या तालुक्यांत काळी जमीन लागते. तिच्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश मोठा असल्यामुळे ती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्ही जमिनी आपापल्या परीने उत्तम आहेत. अडचण जमिनीची नसून बांधकामाची असते. नव्या घरामागच्या वाफ्यात मूळ माती क्वचितच वर राहिलेली असते. वर असतो तो विटांचा चुरा, सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि मजुरांच्या पावलांनी व ट्रकच्या चाकांनी दगडासारखी झालेली भुई. पेरणाऱ्याचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. त्यातील तुडवलेली वाट, खडकाळ जागा आणि काटेरी झुडपे या तिन्ही जमिनी एकाच परसात पाहावयाच्या असतील तर नुकत्याच बांधून झालेल्या घराच्या मागील दारी जावे.

म्हणून पहिले काम कुदळीचे. वाफ्यात दीड फूट खोल खड्डा खणावा व कचरा संपून मूळ माती कोठे लागते ते पाहावे. बहुधा फूटभराच्या आत ती लागते. मग तो खड्डा पाण्याने भरावा. पाणी जिरले की पुन्हा एकदा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी काही तासांत मुरले तर खालची जमीन निरोगी आहे, तिला केवळ झाडणे, खोदणे व खत घालणे पुरे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल तर वाफा उंच करावा लागेल. बाहेरची माती लागते ती प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारात, किंवा जेथे मूळ जमीनच नाही अशा गच्चीवर व कुंड्यांत.

आता किती घ्यावी हे पाहू. मातीचा हिशेब घनफुटांत होतो. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, आणि ट्रॅक्टरच्या सर्वसाधारण ट्रॉलीत सुमारे तेवढीच माती मावते. दहा बाय चारचा वाफा एक फूट भरावयाचा तर ४० घनफूट लागतात. त्यांपैकी तिसरा हिस्सा खताचा धरला तर मातीची गरज २७ घनफुटांवर येते. अर्थात पूर्ण ट्रॉली घेणे म्हणजे दोन-तृतीयांशाहून अधिक माती रस्त्यावर टाकणे होय. तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक ट्रॉली घेतल्यास पैसा वाचतो व शेजारधर्मही वाढतो. बारा इंची कुंडीस सुमारे १५ लिटर मिश्रण लागते. एका ट्रॉलीत अशा जवळजवळ १९० कुंड्या भरतील! विक्रेता ‘थोडी आहे, घेऊन टाका’ म्हणाला तरी कागद-पेन्सिल हाती घेतल्याखेरीज होकार देऊ नये.

गच्चीवर बाग करू इच्छिणाऱ्यांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. माती जड असते, आणि भिजल्यावर अधिकच जड होते. एक चौरस मीटर जागेवर एक फूट जाडीची ओली माती पसरली तर तिचे वजन ५०० किलोच्या घरात जाते. आपल्या देशातील इमारतींच्या भारासंबंधीचे जे मानक आहे, त्यात माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी जो वापराचा भार धरलेला आहे तो चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. यावरून वाचकांनीच ताडावे. गच्चीवर सरसकट माती पसरण्याचे साहस अभियंत्यास विचारल्यावाचून कोणीही करू नये. कुंड्या ठेवाव्यात, त्या भिंतींच्या व तुळयांच्या वरच्या बाजूस ठेवाव्यात, आणि मिश्रणात मातीचा भाग एक-तृतीयांशच ठेवून बाकी गांडूळखत व नारळाच्या काथ्याचा भुसा घालावा. या भुशाची पाच किलोची दाबलेली वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते. मात्र त्यात पोषण जवळजवळ नसते आणि कधी कधी मीठ असते, म्हणून तो दोन पाण्यांनी धुऊन घ्यावा.

तिसरी गोष्ट पारखीची. बाजारात ‘लाल माती’ या नावाने बरेच काही विकले जाते, आणि लाल म्हणजे उत्तम असा समज रूढ आहे. तो लाल रंग लोहाच्या गंजाचा असतो. रंगावरून सुपीकता ठरत नाही. काळा रंग पाहूनही भुलू नये. कोळशाची भुकटी व गटाराचा गाळ हेही काळेच असतात. माती पारखावी ती हाताने, नाकाने आणि थोड्या धीराने. ट्रॉली मागविण्यापूर्वी विक्रेत्याकडून शेरभर नमुना घ्यावा व घरी पुढील परीक्षा कराव्यात. त्यांस खर्च येत नाही.

काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घालावी, चिमूटभर मीठ टाकावे, पाणी भरून खूप हलवावे आणि बरणी खिडकीत ठेवून द्यावी. मिनिटाभरात वाळू तळाशी बसते, काही तासांत पोयटा बसतो, आणि चिकणमाती एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ घेते. तीन थर वेगळे दिसतात. वाळू व पोयटा साधारण सारखे आणि चिकणमाती त्यांच्या निम्मी असेल तर ती माती भाजीसाठी चांगली. दुसरी परीक्षा मुठीची. ओलसर माती मुठीत दाबावी. लाडू वळून बोटाच्या टिचकीने फुटला तर उत्तम. वळलाच नाही तर रेताड. टिचकी मारूनही फुटत नसेल तर चिकण. तिसरी परीक्षा लिंबाची. कोरड्या मातीवर लिंबाचा रस पिळावा. फसफसून फेस आला तर तीत चुना पुष्कळ आहे. पाडलेल्या भिंतींचा राडारोडा मिसळला असण्याचा संभव आहे. चौथी वासाची. पहिल्या पावसानंतर येणारा जो मृद्गंध आपल्याला प्रिय आहे, तो मोठ्या अंशी मातीतील सूक्ष्म जीवांच्या करणीचा असतो. जिवंत मातीला तो वास थोडाफार नेहमीच असतो. रॉकेल, गटार वा औषधांचा वास आल्यास ट्रॉली परत पाठवावी. पाचवी परीक्षा सर्वांत खात्रीची, पण दहा-बारा दिवस घेणारी. नमुन्याच्या मातीत मूठभर मूग व मेथी पेरावी. सारखी उगवली, पाने सरळ व हिरवी राहिली तर माती घ्यावी. रोप वाकडे झाले, पाने आक्रसली तर तीत तणनाशकाचा अंश किंवा क्षार असू शकतो.

याखेरीज ढिगात हात घालून पाहावे. लव्हाळ्याच्या गाठी किंवा हरळीची मुळे दिसली तर ती पीडा पुढील दहा वर्षे आपल्या घरी पाहुणचार घेईल. पांढरी, कोयरीसारखी वळलेली हुमणीची अळी दिसली तरी सावध व्हावे. तथापि अशा मातीला आपल्या गावात एक फुकटचा उपाय आहे, तो म्हणजे बडोद्याचा उन्हाळा. मे महिन्यात ओलसर माती वीतभर जाडीने पसरून, तीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून चार ते सहा आठवडे ठेवल्यास आतील उष्णतेने पुष्कळशी तणबीजे व सूत्रकृमी मरतात. ज्या ऊन्हास आपण दोन महिने नावे ठेवतो ते असे कामास येते.

परंतु काही दोष असे आहेत की जे डोळ्यांस दिसत नाहीत व नाकास कळत नाहीत. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू त्यांत मोडतात. कारखान्यांच्या पट्ट्यातील, सांडपाण्याच्या नाल्याकाठची, भंगाराच्या अड्ड्याजवळची अथवा जुन्या हमरस्त्याच्या कडेची माती खाण्याच्या भाजीसाठी घेऊ नये. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले खरे, पण मातीत बसलेले शिसे वर्षानुवर्षे तेथेच राहते. पालेभाज्या असे धातू उचलतात, आणि ती पालेभाजी प्रथम जाते लहान मुलांच्या ताटात.

विश्वामित्रीच्या गाळाविषयीही अनेक जण विचारतात. ऑगस्ट २०२४ च्या महापुराने शहरात गाळ आणून टाकला, आणि २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम झाले तेव्हा मातीचे मोठे ढीग निघाले. नदीचा गाळ सुपीक असतो ही पूर्वापार समजूत खोटी नव्हे. गावतळ्याचा गाळ उन्हाळ्यात शेतात टाकण्याची रीत महाराष्ट्रात व गुजरातेत जुनी आहे, आणि गुजरातेत २०१८ पासून ‘सुजलाम सुफलाम’ मोहिमेत तळी उपसून तो गाळ शेतकऱ्यांस देण्यात आला. पण खेड्यातील तळे निराळे आणि शहराचे सांडपाणी पोटात घेऊन वाहणारी नदी निराळी. तो गाळ फुलझाडांस चालेल, भाजीस घालण्यापूर्वी तपासून घ्यावा. आणि नदीकाठ स्वतः खणावयास तर मुळीच जाऊ नये. विश्वामित्रीच्या काठांत मगरींची बिळे व घरटी असतात, उन्हाळ्यात त्या तेथे अंडी घालतात. त्यांचा शांतिभंग कायद्यास मान्य नाही आणि आपल्या प्रकृतीसही मानवणारा नाही.

‘कोणाकडून घ्यावी’ याचे उत्तर देताना आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉलीवाल्याकडून, इतरांपेक्षा पुष्कळ कमी भावात माती घेतली. वरचा अर्धा फूट सुंदर भुसभुशीत होता. खाली फावडे घातले तो फरशीचे तुकडे, चुना व काचा. लहान मुलाच्या पायात काच गेली, धनुर्वाताची सुई द्यावी लागली, आणि तो राडारोडा उचलून नेण्यास मातीच्या किमतीपेक्षा अधिक पैसे पडले. ट्रॉलीवाला पुन्हा दिसला नाही. तात्पर्य हे की ज्याचा ठावठिकाणा माहीत आहे अशा रोपवाटिकेकडून वा ओळखीच्या मनुष्याकडून घ्यावी, ट्रॉली आपल्यासमोर रिकामी करून घ्यावी, आणि ती अर्धी रिकामी झाल्यावर खालची माती पाहून मगच पैसे द्यावेत.

आता आमचा चौथा प्रश्न. त्या भगिनीने तो विचारलेला नाही व सहसा कोणीच विचारीत नाही: ही माती आली कोठून?

जमिनीतील सारे सत्त्व वरच्या वीतभर थरात असते. तेवढा थर घडावयास निसर्गाला अनेक शतके लागतात. ‘शेतातील सुपीक माती’ म्हणून जी ट्रॉली आपल्या दारी येते, ती जर खरोखरच तशी असेल, तर कोणाच्या तरी शेताची २०० चौरस फूट जागा अर्ध्या फुटापर्यंत खरवडून ती भरलेली असते. साडेपाच ट्रॉल्या भरल्या की एक गुंठा जमीन उघडी पडते.

आम्हांस परिचित असे एक शेतकरी कुटुंब आहे. घरात मोठे आजारपण आले, उसने मिळेना, तेव्हा त्यांनी शेताच्या एका तुकड्यावरची माती विकली. भट्टीवाले व भराववाले दोघेही गिऱ्हाईक होते. ट्रॉलीमागे मिळालेले पैसे औषधांत गेले. पुढल्या पावसाळ्यात तो तुकडा शेजारच्या शेतांहून खाली गेलेला असल्यामुळे त्याचे तळे झाले. शेजाऱ्याचा बांध ढासळू लागला, त्यावरून वाद झाला. त्यानंतर तेथे जी तूर लावली ती गुडघ्याच्या वर आली नाही. त्या मनुष्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या बापाला जमिनीचा हिशेब सुचत नाही. पण आपल्या गुलाबांसाठी आपण जी ट्रॉली घेतो, तिच्या मागे असे एखादे घर असू शकते, एवढे आपण ध्यानात ठेवावे. दोन वेळचे पोट भरणाऱ्या शेतातून माती उचलून ती हौसेच्या बागेत पसरणे हा न्याय नव्हे. कित्येकदा तो कायदाही नव्हे, कारण माती खणून नेण्यास सरकारी परवाना व स्वामित्वशुल्क लागू होऊ शकते.

मग बाग करूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली प्रजेसाठी बाग उभारली. तिच्या सावलीत येथील मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या खेळल्या. घराभोवती हिरवळ असावी ही इच्छा निर्मळ आहे. मार्गही आहे, आणि तो स्वस्तही आहे.

शहरात कोठे ना कोठे पायाचे खोदकाम चालूच असते. वरचा राडारोडा दूर केल्यावर खालून निघणारी माती पुष्कळदा स्वच्छ गोराडू असते. ठेकेदारास ती कोठेतरी नेऊन टाकावयाचीच असते. बहुधा वाहतुकीच्या खर्चात ती मिळते आणि कोणाचे शेत उघडे पडत नाही. तिच्यात जीव नसतो हे खरे. तो आपण घालावयाचा. दोन भाग पायाची माती व एक भाग चांगले कुजलेले खत, हे प्रमाण वाफ्यास पुरे होते. शेण ताजे घालू नये. मुळे पोळतात व हुमणी येते. चार-सहा महिने कुजलेले, हातात घेता कोरडे व वास नसलेले शेणखत घ्यावे. काळी माती असल्यास तीत थोडीशी वाळू मिसळून ती भुसभुशीत होईल अशी आशा धरू नये, उलट ती विटेसारखी बसते. काळ्या मातीचा उपाय वाळू नव्हे, पालापाचोळ्याचे खत होय.

आणि खतासाठी तरी बाजारात का जावे? इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञाने शेतातील काडीकचरा व शेण यांचे थर देऊन उत्तम खत करण्याची पद्धत सिद्ध केली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. पुढे कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे शेकडो सामान्य माणसांस हे पटवून दिले की, पालापाचोळ्यापासून आपल्या अंगणात माती घडविता येते. बडोदे हे तर वडांचे गाव, नावच वटोदर. वड, पिंपळ, कडुनिंब यांची पाने रोज सकाळी झाडून कोपऱ्यात पेटविली जातात आणि त्याच धुरातून वाट काढीत आपण खताची पिशवी आणावयास जातो! भोके पाडलेल्या जुन्या पिंपात तीन भाग वाळली पाने व एक भाग भाजीची देठे-साली असे थर द्यावेत, वर मूठभर माती भुरभुरावी, पिळलेल्या कापडाइतकी ओल ठेवावी, आठ-पंधरा दिवसांनी वरखाली करावे. तीन-चार महिन्यांत काळे, सुगंधी खत तयार होते.

तेव्हा त्या भगिनीस आमचे उत्तर असे: खड्डा खणून आधी आपली जमीन पाहा. राडारोडा काढून टाका. माती लागलीच तर २७ घनफूट पायाची माती शेजाऱ्यांसह मागवा, नमुना पारखूनच. एक वर्ष खत विकत घ्या आणि त्याच दिवशी पिंप सुरू करा म्हणजे पुढील वर्षी ते घ्यावे लागणार नाही. पहिल्या पावसाळ्यात गवार, चवळी अशी शेंगवर्गी पिके लावा. ती जमिनीला नत्र देतात. हातमोजे घाला, अनवाणी उतरू नका, आणि घरातील सर्वांची धनुर्वाताची लस झाली आहे ना ते विचारून घ्या. यजमानांस निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा हा प्रश्न असेल तर तोही यात सुटेल.

आमच्या चर्चच्या आवारातील कडुनिंबाचा पाला जाळला जात नाही. कुंपणालगत त्यासाठी दोन खड्डे आहेत. पहिल्या खड्ड्यातील खत या महिन्यात तयार आहे. ज्यांना हवे त्यांनी रविवारी उपासनेनंतर आपापली पाटी घेऊन यावे. मोल नाही, मात्र येताना पिशवीभर वाळली पाने आणून दुसऱ्या खड्ड्यात टाकावीत.